दत्तूशेठच्या यकृताचा व्यायाम

माझ्याकडे व्यायामाला येणारा माणूस बहुतेक वेळा तारीख घेऊनच यायचा. लग्नाची तारीख, पोलीस भरतीची तारीख, शाळेतल्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या मेळाव्याची तारीख. चांदवडचा एक नवरदेव आला होता, त्याला शेरवानीत पोट दिसायला नको होतं आणि हळद पुढच्या आठवड्यात होती. सिडकोतल्या एक आजी ट्रेडमिलवर एका हाताने दांडी धरायच्या आणि दुसऱ्या हाताने जपमाळ ओढायच्या. दोन्ही कामं एकदम उरकतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना कधी अडवलं नाही, कारण त्या एकही दिवस चुकल्या नाहीत.

इंदिरानगरमध्ये मी वीसहून जास्त वर्षं व्यायामशाळा चालवली. पाटीवर ‘फिटनेस सेंटर’ लिहिलं होतं, पण सगळे ‘वर्षाताईंची जिम’ म्हणायचे. मागच्या वर्षी ती माझ्याच हाताखाली तयार झालेल्या दोघींकडे सोपवली आणि आता सकाळी फक्त स्वतःचा व्यायाम करते. लोक विचारतात, “ताई, एक चार्ट लिहून द्या ना.” त्यांना वाटतं ट्रेनरकडे चार्टांचा गठ्ठा असतो, त्यातला एक काढून द्यायचा. तसं असतं तर मी गठ्ठाच विकला असता. आमचं काम शिंप्यासारखं असतं, आधी माप घ्यावं लागतं. सकाळी उठता कधी, दिवसभर बसता की उभे असता, जिना चढताना कुठल्या मजल्यावर थांबता, शेवटचं धावलात ते कधी आणि कशासाठी. मग तीन गोष्टी जुळवायच्या. दम लागेल असं काही, स्नायूंना ओझं वाटेल असं काही, आणि त्यातून शरीर सावरेल एवढी विश्रांती. हे सुरुवातीला थोडं असावं आणि हळूहळू वाढवत न्यावं. सगळी विद्या एवढीच. अवघड असतो तो समोरचा माणूस.

आणि अवघड माणसांमध्ये दत्तूशेठचा नंबर पहिला. त्यांच्याइतका घोर मला कुणी लावला नाही, आणि त्यांच्याइतकी मजाही कुणी आणली नाही.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. दुपारची वेळ, जिम रिकामी. आश्विनी नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पोट पुढे आणि अंगाला मसाल्याचा खमंग वास. पंचवटीत त्यांचं मिसळीचं हॉटेल होतं. मूळचे चांदवडकडचे, तरुणपणी नाशिकला आले आणि इथलेच झाले. हातात माझ्यासाठी मिसळीचं पार्सल होतं. ते टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “ताई, मला बॉडी नाय करायची. मला फक्त माझं लिव्हर बारीक करायचंय.”

मी हसले. आश्विनी हसली नाही.

“आईचं लिव्हर निकामी झालंय,” ती म्हणाली. “घरात कधी दारूचा थेंब आला नाही, तरी लोक काहीबाही विचारतात. तिच्या शरीरानेच तिच्या लिव्हरवर हल्ला केलाय, असं डॉक्टर म्हणतात. आता बदलावंच लागेल. माझा रक्तगट जुळत नाही. बाबांचा जुळतो.”

“जुळतो, पण चालत नाय,” दत्तूशेठ म्हणाले. “माझ्या लिव्हरमधी चरबी हे. डॉक्टर म्हणले, असलं लिव्हर कापून देता येत नाय. देणाराबी जाईल आन घेणाराबी. चरबी उतरवा, मग बघू.”

“किती दिवसांत?”

“आई अडीच-तीन महिने तग धरेल म्हणालेत,” आश्विनी म्हणाली. “त्यापुढचं सांगत नाहीत.”

अशी तारीख घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं.

मी आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. छातीच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, हृदय उत्तम होतं. डॉक्टर एकच गोष्ट दोनदा बोलले. “वजन उतरवून आणा, पण माणूस उतरवून आणू नका. उपाशी ठेवलंत तर स्नायू झडतील आणि एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून तो उठणार नाही. मला बारीक माणूस नकोय, दणकट माणूस हवाय.” आहार त्यांची आहारतज्ज्ञ बघणार होती, व्यायाम माझ्याकडे. फोन ठेवला तेव्हा, खरं सांगायचं तर, अंगात एक वेगळाच जोर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या हॉटेलात जाऊन एका कोपऱ्यात बसले. दत्तूशेठचं म्हणणं होतं, “मी दिवसभर उभाच असतो की. मला कशाला व्यायाम?” ते उभे होते हे खरं, पण एकाच जागी. गल्ला आणि भट्टी यांच्यामध्ये दोन पावलांचं अंतर, त्याच दोन पावलांत त्यांचा दिवस जायचा. आणि मी पाहत होते त्यांचा उजवा हात. रस्सा ढवळला की चमचाभर तोंडात. फरसाणाचं पोतं उघडलं की मूठभर तोंडात. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासोबत गोड चहा, आणि पंचवटीत त्यांच्या ओळखीचं नव्हतं असं कोण होतं? सकाळचे नऊ वाजायच्या आत हा माणूस एक अख्खं जेवण जेवला होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

“शेठ, आजपासून चव घ्यायची नाही,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी हॉटेलच बंद करायला सांगितलं. “मग मिसळ बिघडंल ना ताई. चव मीच घेतो. वीस वर्षं.”

“कोणी दुसरं?”

“दुसरं कोण? मसाला मंगलचा, चव माझी.”

मंगलवहिनी त्यांची बायको. त्या आत पडद्यामागे खुर्चीवर बसल्या होत्या, घरी एकटं करमत नाही म्हणून तासभर यायच्या. वणीच्या माहेरवाशीण, हाडापेराने एके काळी भक्कम असणार. आता डोळे पिवळे, दंड काटकुळे आणि पोट पाण्याने फुगलेलं. त्यांनी आतूनच आवाज दिला, “मीठ मापून टाका. बाकीचं मला वासावरून कळतं. पातेलं इकडं आणा.”

त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांच्यासमोर झाकण उघडलं जायचं. त्या डोळे मिटून वास घ्यायच्या आणि सांगायच्या, “कांदा अजून भाजला पाहिजे,” नाहीतर “आज बरोबर हाय.” स्वतःला त्यातला एक घोटही चालत नव्हता. पण त्या एका कामासाठी त्या रोज अंघोळ करून, केस विंचरून हॉटेलात यायला लागल्या.

दत्तूशेठचा कार्यक्रम मी हॉटेलभोवतीच बांधला. दम लागण्यासाठी सकाळची भट्टी लागली की नदीकाठाने भरभर चालणं. चालीचा वेग कळायला एक सोपी खूण आहे. सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता येत असेल तर तुम्ही रमतगमत चाललाय, बोलताच येत नसेल तर जास्त होतंय. दत्तूशेठ पहिल्या दिवशी बोलता बोलता गप्प झाले तेव्हा आम्ही पहिला पूलही ओलांडला नव्हता. ताकदीसाठी हॉटेलचीच खुर्ची, तिच्यावरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. भिंतीला हात टेकून छातीचा व्यायाम. तांदळाच्या पिशव्या दोन्ही हातांत धरून मागच्या अंगणात फेऱ्या. एक दिवस व्यायाम, एक दिवस नुसतं चालणं, आणि दुपारी हॉटेल मिटल्यावर सक्तीची झोप.

झोपेवरून त्यांनी सर्वांत जास्त भांडण केलं. “झोपून कुठं चरबी उतरती?”

“झोपेतच उतरते, शेठ. व्यायाम फक्त शरीराला निरोप देतो. काम ते झोपेत करतं.”

मंगलवहिनी हे ऐकत होत्या. एक दिवस मला म्हणाल्या, “मला नाय का काही देत? मी काय नुसती बघत बसू?” त्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जरूर द्या, तिचेही पाय टिकले पाहिजेत. मग त्यांच्यासाठी त्यांच्या मापाचा छोटा कार्यक्रम केला. उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून उठणं, टाचा उचलणं, अंगणात आश्विनीचा हात धरून फेरी. नवराबायको समोरासमोर खुर्च्या टाकून उठायबसायला लागले. सकाळची गिऱ्हाइकं पडद्याच्या फटीतून बघायची आणि वेटर त्यांना मिसळ वाढायचं विसरायचा.

महिनाभरात शर्टाची बटणं सैल झाली. मी रोज संध्याकाळी आश्विनीच्या फोनची वाट बघायची. वजनाचा काटा खाली सरकला की जिममधल्या बायकांना सांगायची, कारण तोवर त्या सगळ्यांना दत्तूशेठ माहीत झाले होते. मग काटा थांबला. असं होतंच. शरीराला नव्या कामाची सवय झाली की ते अडून बसतं, आठ-दहा दिवस धीर धरायचा आणि कार्यक्रमात थोडा बदल करायचा. हे मी शेठना सांगितलं, त्यांनी मान डोलावली. नेमकं त्याच आठवड्यात वहिनींच्या पोटातलं पाणी वाढलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

दोन दिवसांनी आश्विनीचा फोन आला. “ताई, बाबा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर पडले.”

मी रिक्षा करून पोहोचले तेव्हा ते पायथ्याच्या टपरीवर बसले होते. कोपर खरचटलेलं, चेहरा पांढराफटक. वहिनी दवाखान्यात गेल्यापासून त्यांनी जेवण सोडलं होतं. नुसत्या पाण्यावर सकाळी नदीकाठ, दुपारी पांडवलेणी आणि संध्याकाळी पुन्हा नदीकाठ असं चाललं होतं. झोप नाहीच.

मला प्रचंड राग आला. पण ते मान वर न करता म्हणाले, “ताई, तिकडं तिचं पोट फुगत चाललंय आन इकडं माझा काटा हालत नाय. मी काय करू? मला घरात बसवत नाय.”

राग तिथेच विरला. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. “शेठ, डॉक्टर तुमचं लिव्हर घेणार म्हणजे अर्ध्याहून जास्त कापून घेणार. उरलेलं तुमच्या पोटात पुन्हा वाढायचंय. ते कशावर वाढणार? तुम्ही आज जे शरीर जाळलंत त्याच्यावर. चरबीबरोबर तुम्ही स्नायूही खाल्लेत. वहिनींना द्यायचं सामान तुम्ही वाटेतच संपवताय.”

त्यांनी खरचटलेल्या कोपरावरची माती झटकली. मग टपरीवाल्याला म्हणाले, “केळं दे रे एक.”

आम्ही आठवडाभर व्यायाम निम्म्यावर आणला. नीट जेवण, नीट झोप, आणि चालण्याची वेळ बदलून रोज दवाखान्यापर्यंत पायी. वहिनींना भेटायचं आणि पायीच परत यायचं. त्यामुळे त्यांना बसून राहिल्यासारखंही वाटेना. आठवड्याच्या शेवटी काटा हलला. नंतर तो थांबलाच नाही. वहिनीही घरी आल्या.

पुन्हा तपासणी झाली त्या दिवशी मी जिममध्ये कुणाला काय सांगत होते देव जाणे. दुपारी फोन वाजला. आश्विनी आधी रडली. मग म्हणाली, “चालेल म्हणाले. ताई, बाबांचं लिव्हर चालेल म्हणाले.” मी ती बातमी मोठ्याने सांगितली आणि पंधरावीस घामाघूम बायकांनी एकदम एकमेकींना मिठ्या मारल्या. जपमाळवाल्या आजींनी त्या दिवशी पहिल्यांदा ट्रेडमिल मध्येच बंद केली.

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी मंगलवहिनींनी सांगितलं, “मला ऑपरेशन करायचं नाय.”

मी त्यांच्या घरी गेले. दत्तूशेठ गॅलरीत पाठ करून उभे होते. वहिनी पलंगावर टेकून बसल्या होत्या, आवाज शांत होता.

“ताई, हे पायऱ्यांवर पडले ते मला कुणी सांगितलं नाय. आज दवाखान्यातली एक बाई बोलली. जो माणूस पायऱ्या चढता चढता पडतो, त्याचं पोट मी फाडायला लावू? मी तर जाणारच हाय. ह्यांनी कशाला जायचं? आश्विनीला कोणीतरी एक पायजे का नको?”

“वहिनी, ते उपाशी होते म्हणून पडले. आज ते वेगळे आहेत.”

“तुम्ही म्हणता. डॉक्टरबी म्हणतात. कागदावर सगळं ठीक असतंय.” त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. “मला दिसलं पायजे. त्याच पायऱ्या ते न थांबता चढून गेले आन वर जाऊन माझ्याशी नीट बोलले, तर मी सही करीन. धापा टाकत बोलले तर नाय.”

गॅलरीतून आवाज आला, “उद्या सकाळी.”

माझी रात्र कशी गेली ते विचारू नका. त्यांच्याकडून होईल हे मला माहीत होतं. पण परीक्षा म्हटली की माणूस पळत सुटतो, आणि ते पळाले असते तर वर पोहोचून बोलता आलं नसतं. सकाळी पायथ्याशी मी त्यांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, “रोजची चाल. एक पाऊलही जास्त जोरात नाही. मागून पोरं पुढे गेली तर जाऊ द्या.”

“जाऊ देतो,” ते म्हणाले.

वहिनी शाल पांघरून गाडीत बसल्या, शेजारी मी. आश्विनीला त्यांनी शेठबरोबर पाठवलं, पंच म्हणून. “थांबले तर मला खरं सांगायचं,” असं बजावून. पायऱ्या झाडीत शिरतात, त्यामुळे थोड्याच वेळात दोघं दिसेनासे झाले. थंडी होती, गाडीची काच वहिनींच्या श्वासाने धूसर होत होती आणि त्या ती बोटाने पुसत होत्या. रोजचे चालणारे लोक वर जात होते, खाली येत होते. फोन माझ्या मांडीवर होता. मी काही बोलायला गेले तर वहिनींनी माझा हात दाबला.

फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“आई, वर आलोय. एकदाही थांबले नाहीत.” धापा टाकत होती ती आश्विनी.

“त्यांना दे.”

“बोल मंगल,” दत्तूशेठ म्हणाले.

“तुम्ही बोला. मसाल्यात काय काय पडतं ते पहिल्यापासून सांगा. मधे थांबायचं नाय.”

“धणे,” त्यांनी सुरुवात केली, “जिरं, शहाजिरं, बडीशेप, लवंग, दालचिनी, मिरे, मोठा वेलदोडा, दगडफूल, तमालपत्र, खसखस, तीळ, सुकं खोबरं तांबूस भाजून, लसूण, आलं, कांदा उभा चिरून काळपट होस्तोर, आन मिरची दोन जातीची, एक रंगाला एक तिखटाला.”

आवाज सलग होता. श्वास जड होता, पण शब्द तुटत नव्हते. वहिनींनी डोळे मिटले होते, पातेल्याचा वास घेताना मिटायच्या तसेच.

“एक राहिलं,” त्या म्हणाल्या.

“ते नाय सांगणार.”

“का? दम संपला?”

“माझ्यामागं चार लोकं उभी हेत कान लावून. त्यातला एक मला हॉटेलवाला दिसतोय.”

वहिनी हसल्या. मी त्यांना एवढ्या दिवसांत कधी हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता पोटाला हात धरला, शालीने डोळे पुसले आणि फोनमध्ये म्हणाल्या, “या खाली. सावकाश या. सही करते.”

ऑपरेशन मुंबईला झालं. मला जाता आलं नाही, ती हळहळ अजून आहे. दिवसभर दोन ऑपरेशन थिएटरं शेजारी शेजारी चालू होती. वहिनींच्या रक्तदाबाने मध्ये एकदा सगळ्यांना घाबरवलं, पण संध्याकाळी दोघांच्याही खोल्यांतून चांगली बातमी आली. वहिनींना आता जन्मभर गोळ्या आहेत, गर्दीत जायचं नाही, बाहेरचं खायचं नाही. दत्तूशेठचं थोडं पोट परत आलंय, ते शर्ट सैल शिवून लपवतात आणि मी दिसले की आत ओढून घेतात. तरी नदीकाठचं चालणं त्यांनी सोडलेलं नाही. तारीख उलटली की माणूस जिममधून नाहीसा होतो, हे मी आयुष्यभर पाहत आले. किती जणांना थांबवता आलं नाही त्याचं वाईट वाटतं. हे दोघं मात्र टिकून राहिले.

पण मला शेवटी सांगायचाय तो ऑपरेशननंतरच्या आठवड्यातला एक दिवस. सकाळची बॅच चालू होती आणि आश्विनीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दवाखान्याचा लांब व्हरांडा. एका टोकाकडून दत्तूशेठ येत होते, किंचित वाकलेले, एक हात पोटावर. दुसऱ्या टोकाकडून मंगलवहिनी, तोंडावर मास्क, सलाइनचा स्टँड एका हातात, सोबत नर्स. ऑपरेशननंतर दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. एक-एक पाऊल टाकत ते जवळ येत होते आणि माझ्यामागे बायकांनी हातातली डंबेल्स खाली ठेवली होती.

व्हरांड्याच्या मध्यावर ते थांबले. दत्तूशेठनी हात पुढे केला आणि स्टँड आपल्या हातात घेतला. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. फिजिओथेरपिस्ट मुलगी पुढे आली आणि म्हणाली, आज एवढं पुरे, आता आपापल्या खोलीत.

दोघांपैकी कोणीही आपल्या खोलीकडे वळलं नाही. स्टँड मध्ये धरून ते तसेच व्हरांड्याच्या टोकाकडे, खिडकीच्या उजेडाकडे चालायला लागले, आणि इकडे इंदिरानगरात मी फोनच्या पडद्याला मोठमोठ्याने सांगत होते, “सावकाश, शेठ. वहिनी, पाय उचलून टाका. हं, असंच. असंच.”